आठव्या मात्रेची टुण

रविवार, ३ ऑगस्ट

मॅडमनी दिलेल्या वहीत कोणाचा कान किती, एवढंच लिहायचं आहे. माझ्या डोक्यात जी कालवाकालव होते ती तिच्यात मावत नाही. म्हणून ही दुसरी वही. बायकोची, सुलोचनाची आहे, पहिल्या चार पानांवर तिची लोणच्याची मापं. पाचव्यापासून मी.

कोणाच्या हाती लागलीच तर कळावं: मी भूपेंद्र, मुक्काम वडनेर. हिंगणघाटच्या एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, आणि पंचवीस वर्षं अच्युतदादाच्या खंजिरी भजन मंडळात ढोलकवाला. दादा मंडळाचा मुख्य. तो खंजिरी वाजवत गातो, आणि मी त्याच्या उजवीकडे, मांडीला मांडी लावून. त्याची खंजिरी माझ्या डाव्या कानाशीच वाजते म्हणा ना.

नागपूरच्या एका ट्रस्टनं पैसे मंजूर केले! अर्ज मी आणि वर्ध्याच्या डॉ. वेदश्री मॅडमनी मिळून लिहिला. मॅडम कानाच्या तज्ज्ञ. प्रश्न एवढाच की भजनवाल्यांचे कान वाजवण्यानं जातात का, आणि वाचवता येतात का. आधी चाळीस जण तपासायचे, वीस वाजवणारे आणि वीस न वाजवणारे. फरक दिसला तर ट्रस्ट तीन वर्षांचं संशोधन देणार, वाजवताना कानात घालायची बोंडं देणार, ज्याचा कान गेला त्याला ऐकायचं यंत्र देणार. फरक दिसला नाही तर रामराम.

हे सगळं डोक्यात शिरलं जंगूमुळे. जंगू आमचा पेटीवाला. दोन वर्षांमागे गिरडच्या कार्यक्रमात पेटी एकीकडे आणि दादा दुसरीकडे, असं तीनदा झालं. मी माईकवरच म्हटलं, "जंगू, पेटी वाजवून राह्यला का चूल फुंकून राह्यला बे?" शे-दोनशे लोक हसले. तो पेटी मिटून उठला तो परत आलाच नाही. आता वनखात्याच्या रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरतो. मग त्याच्या बायकोनं, भागीरथानं, सुलोचनाला बाजारात सांगितलं की त्याला वरच्या पट्टीचं ऐकूच येत नाही. तेव्हापासून जेवताना कधीकधी ते आठवतं आणि घास तोंडात फिरत राहतो.

मंगळवार, ५ ऑगस्ट

शाळेची सामानाची खोली मिळाली. बिछायत केंद्रातून चौदा गाद्या भाड्यानं आणून भिंतींना उभ्या लावल्या. मॅडमनी आवाज मोजायचं यंत्र लावून पाहिलं, म्हणाल्या सकाळी सात ते नऊ चालेल, शाळा भरायच्या आत. गाद्यांना कोणत्या तरी लग्नातल्या वरणाचा वास आहे तो आहेच.

काम सोपं आहे. माणूस आपल्याकडे पाठ करून बसतो, कानावर हेडफोन, हातात बटण. आपण यंत्रातून टुण द्यायची. ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं, इकडे दिवा लागतो. मग आवाज कमी कमी करत जायचं. जिथे दिवा लागणं थांबतं तिथे त्याचा कान संपला.

मॅडम म्हणाल्या, "भूपेंद्रभाऊ, दोन आवाजांतलं अंतर कमीजास्त ठेवा बरं." मी हो म्हटलं. पंचवीस वर्षं ढोलक धरलेल्या माणसाला अंतर शिकवतात! पोरगी हुशार आहे, पण पुस्तकातली. आणि एक खोड आहे तिला, बोलायचं असलं की उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसते.

शनिवार, ९ ऑगस्ट

यंत्र घरी आणलं होतं. स्वतःलाच हेडफोन लावला, स्वतःच टुण दिली, स्वतःच बटण दाबलं. दोन्ही कान ठणठणीत! सुलोचनाला दाखवलं तर म्हणाली, "पेपर तुमीच काढला, सोडवला बी तुमीच." हिला कशाचं कौतुक म्हणून नाही. वरून म्हणते, "टीव्ही कमी करा, शेजारचे फुकट बातम्या ऐकून राह्यले." आता टीव्हीवाले पुटपुटतात त्याला मी काय करू?

गुरुवार, १४ ऑगस्ट

आतापर्यंत अकरा झाले. सहा वाजवणारे आणि पाच न वाजवणारे. पहिल्यांदा मला वाटलं माझंच काही चुकतंय. पोस्टातला कारकून, शिंपी, दोन गुरुजी, कोणाचा कान बरा, कोणाचा थोडा कमी. पण वाजवणारे? वा रे वा! दादाचा आलेख तर वीस वर्षांच्या पोराचा. आवाज कमी करत करत मी यंत्राच्या तळाला गेलो, तरी दिवा लागतोच आहे.

दादा हेडफोन काढून बाहेर आला आणि ओसरीवर उभ्या साऱ्यांना म्हणाला, "भजनानं कान जातेत म्हनत होता हा बह्याड. पाहा!" मी हसलो. म्हणजे अर्जात लिहिलं ते सारं खोटं?

रविवार, १७ ऑगस्ट

आज जंगूला आणलं. सोपं नव्हतं. तीनदा रोपवाटिकेत जाऊन हात जोडले. शेवटी म्हटलं, "जंगू, कागदावर आलं का तुया कान खराब हाय, तं तुले यंत्र भेटते, अन् सगळ्याईले समजते का तुयी चुकी नोती." तो पिशवीत माती भरत राहिला. पण आला. पांढरा सदरा घालून आला, गिरडला घातलेला तोच.

मी टुण देत गेलो. दिवा लागत गेला. तळापर्यंत.

दोनदा तपासलं. कान उत्तम. मॅडमच्या वहीत तसं लिहिलं. भागीरथा बाहेर बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. आणि दादानं लगेच निकाल दिला, "कान चांगला हाय, मंग मानूसच बाद झाला म्हना." जंगूसमोर! जंगू म्हणाला, "कान चांगला हाय तं पेटीवर घ्या ना मंग मले." दादा चपला घालून निघाला. मी यंत्राची वायर गुंडाळत बसलो.

सोमवार, १८ ऑगस्ट

भागीरथा खोटं काऊन बोलली असेल? दिवसभर हेच. प्रयोगशाळेत एक परीक्षानळी फोडली.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. पोळा

नागपूरहून ट्रस्टच्या साहेबांचा फोन. मॅडमनी अर्धे आकडे पाठवले होते, साहेब उड्याच मारत होते. म्हणाले, हे तर फार मोठं आहे, भजनानं कान तरुण राहतात! बोंडं आणि यंत्रांचं सोडा, आता हेच घेऊन पुढे जाऊ. गावोगाव मंडळं, साउंडचा पूर्ण सेट ट्रस्टकडून, आणि पुढच्या महिन्यात नागपूरला कार्यक्रम. तिथे माझा सत्कार. शाल, श्रीफळ.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, लय झाला. आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रयोगाचं सामान मांडलं, आता आपला प्रयोग. दादानं तर दोन मोठे डब्बे, म्हणजे स्पीकर, उधारीवर आणूनही टाकले, आणि मॅडमनी नमुन्याला दिलेली कानातली बोंडं नातीला खेळायला दिली.

संध्याकाळी बैल पाहून आलो, अंगणात बसलो. यंदा रातकिडे कमीच. फवारण्यांनी मेले असतील. सुलोचनाला तसं म्हटलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली, मग उठून आत गेली. सणाच्या दिवशी हिला काय होतं कोण जाणे.

रविवार, २४ ऑगस्ट

मॅडम खूश नाहीत. म्हणतात, इतके चांगले कान खंजिरीवाल्यांचे असूच शकत नाहीत, यंत्र बिघडलं असेल. यंत्र नागपूरला तपासायला पाठवलं. मला राग आला. निकाल वाईट आले असते तर यंत्र बरोबर, चांगले आले तर यंत्र बिघडलं? नवी पुडी चढवून ढोलकही त्याच रागात वाजवला. चाटीचा, कडेवरचा बारीक नाद काही येत नाही, या वर्षातली ही तिसरी पुडी. चामडंच खराब येऊन राहिलं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

यंत्र परत आलं. काहीही बिघाड नाही! मॅडमना फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, की फोन खराब होता, कळलं नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट

काय लिहू.

आज आष्टीला महिला मंडळाच्या पाच जणी तपासायच्या होत्या. मंडळाच्या मुख्य अनुसयाबाई, पासष्टीच्या, टाळ वाजवतात. अंगणात मी विचारलं, "मावशी, चहा घेतला का?" त्यांना ऐकू गेलं नाही. जवळ जाऊन विचारलं, नाही. सुनेनं कानात ओरडून सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हाव, झाला."

आधी बाकीच्या चौघी झाल्या, शेवटी त्या. आणि आतल्या खोलीत बसल्यावर कान उत्तम. तळापर्यंत दिवा.

मी हेडफोन काढला आणि ओरडूनच विचारलं, "मावशी, टुण ऐकू आली?"

"सुरुवातीले आली. मंग नाई आली."

"मंग बटन कायले दाबत होत्या?"

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसा मीच खुळा. म्हणाल्या, "अरे बाप्पा, आठ मात्रा झाल्या का येते ना तुयी टुण! चार टुणी ऐकल्या का ठेका समजते. चाळीस वर्सं टाळ वाजवले म्या. आता नाई ऐकू आली म्हून सम सोडून देऊ का?" आणि बाकीच्या चौघींकडे वळून म्हणाल्या, "पोट्टा हाताचा पक्का हाय बरं. एकबी मात्रा नाई हालली त्याची."

चौघींनी माना डोलावल्या. त्यांनीही तेच केलं होतं.

मॅडमनी सांगितलं होतं अंतर कमीजास्त ठेवा. मी हो म्हटलं होतं. आणि माझ्या बोटानं सवयीनं सरळ भजनी ठेका धरला. आठ मात्रा, टुण. आठ मात्रा, टुण. वीसच्या वीस वाजवणारे समेवर बटण दाबत बसले, आणि मी त्याला कान म्हणून वहीत लिहीत गेलो. शिंप्याला ठेका कळत नव्हता म्हणून त्याचा कान तेवढा खरा आला.

सोमवार, १ सप्टेंबर

कोणालाच माहीत नाही. अनुसयाबाईंना त्यात चुकीचं काही वाटलंच नाही. मॅडमना कळणार नाही, यंत्र तर ठीक आहे. ट्रस्ट खूश, दादा खूश, गाव खूश. मी नाही बोललो तर कोणाचं काय बिघडतं?

हे वाक्य वर लिहिलं आणि मलाच माझी लाज वाटली. तरी खोडत नाही. काल रात्रभर मी हाच विचार केला, खरं आहे ते आहे.

बोललो नाही तर कागदावर कायमचं राहील की भजनवाल्यांचे कान लोखंडाचे. मग पुन्हा कोणी त्यांचे कान बघायला येणार नाही, वर मोठे डब्बे मिळतील. आणि बोललो तर पैसे जातील, माझं तोंड काळं होईल, तेव्हाही कोणी बघायला येणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. जेवण गेलं नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

खात्री करायची होती. सकाळी सातला जंगूला पुन्हा खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, पाठ माझ्याकडे. चार टुणी मोठ्या दिल्या, आठ आठ मात्रांवर. चार दिवे लागले.

मग मी यंत्र बंद केलं. बोटं मांडीवर ठेवली. खोलीत काही नाही, नुसत्या गाद्या.

सात, आठ. दिवा लागला.

पुन्हा सात, आठ. दिवा लागला.

असा तो नऊ वेळा बंद यंत्राला बटण दाबत राहिला. पाठ ताठ, मान किंचित डोलत. पायाचा अंगठा जमिनीवर चालू होता. पेटीवर बसायचा तेव्हा असाच बसायचा. मला रडू आलं. मी पुढे गेलो आणि हेडफोन काढला.

"जंगू, यंत्र बंद होतं."

तो दचकला नाही. म्हणाला, "मले वाटलंच."

"मंग त्या दिवशी बी..."

"दोन-तीन टुणी आल्या, मंग नाई. मले मालूम होतं ना भाऊ. पन कान चांगला हाय म्हनून लिहून भेटलं तं दादा वापस घेईन, असं वाटलं. अन् तू ठेका देऊन राह्यला होता. दोन वर्सांनं कोनी तरी मले ठेका देल्ला. तो कसा सोडू मी?"

मी त्याचे पाय धरले. गिरडचं बोललो. माफी मागितली. तो म्हणाला, "ऊठ बे, गादीचा कापूस लागून राह्यला तुले." आणि मग म्हणाला, "सांगून दे मॅडमले. माया कान गेला हे तरी खरं लिहिलेलं राहू दे."

गुरुवार, ४ सप्टेंबर

कॉलेजात रजा टाकली, वर्ध्याला गेलो. मॅडमच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं. त्या लाल झाल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भाऊ! पहिल्या दिवशी!" मी म्हटलं, हो. "तुम्ही हो म्हणाला होतात!" मी म्हटलं, हो.

मग त्या खाली बसल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, चूक त्यांचीही आहे, पहिले चार तरी शेजारी बसून बघायला हवे होते. मला आणखी वाईट वाटलं. पोरगी असून माझ्या वाट्याची चूक उचलते. म्हटलं, ट्रस्टला पत्र मी लिहितो, सही माझी. त्या म्हणाल्या, दोघांची.

बुधवार, १० सप्टेंबर

पत्र गेलं. मॅडमनी इंग्रजीत लिहिलं, मी मराठीत. माझ्यात एकच मुद्दा होता. चूक माझ्या हाताची आहे, वाजवणाऱ्यांच्या कानाची नाही. त्यांचे कान अजून कोणी तपासलेलेच नाहीत. तेव्हा पैसे बंद करायचे असतील तर करा, पण भजनानं कान सुधारतो असं कुठे छापू नका.

दादाला सांगितलं. त्यानं खंजिरी खाली ठेवली. "सत्काराची पत्रिका छापली बे आमी! डब्बे आनले!"

मी म्हटलं, "दादा, तुमचा बी कान खरा नाई आला."

"माया कान मले मालूम."

"नाई मालूम. कोनालेच नाई."

तो तावातावानं म्हणाला, उद्यापासून बैठकीला येऊ नकोस. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. घरी आलो तर सुलोचनानं गरम भाकर वाढली आणि माझ्या उजव्या बाजूला बसून, अगदी हळू, म्हणाली, "बरं केलं." हिचं कौतुक मिळालं, तेही मंडळ सुटल्यावर.

रविवार, २१ सप्टेंबर

दहा दिवस नुसत्या येरझारा. कॉलेज, घर, कॉलेज. ढोलकाला गवसणी घातली. फोन वाजला की छातीत धस्स, आणि नाही वाजला की दुप्पट.

आज मॅडम स्वतः आल्या, हातात ट्रस्टचं उत्तर. कार्यक्रम रद्द. तीन वर्षांच्या मोठ्या कामावर आता काही बोलणार नाहीत. पण चाळीसही जण पुन्हा तपासण्याचा खर्च देतात, एका अटीवर. तपासणारी फक्त मॅडम. भूपेंद्र यांनी यंत्राला हात लावायचा नाही. खरा फरक दिसला तर पुढचा विचार करू.

मी म्हटलं, बरोबर आहे. मनातून चरफडलो, पण बरोबर आहे. निदान दार अजून बंद झालेलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "एक जागा रिकामी आहे. वाजवणाऱ्यांतल्या एकांनी यायला नकार दिलाय." कोण ते विचारावं लागलं नाही. दादाच. "त्यांच्या जागी तुम्ही बसा."

"मी? माझं तर झालं आहे, घरी. दोन्ही कान ठणठणीत."

मॅडम आणि सुलोचना एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींना हसूही आलं नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी जंगूचं झालं. मॅडम अंतर असं काही ठेवतात की देवालाही ठेका लागू नये. कधी तीन मात्रा, कधी अकरा. जंगूचा आलेख आला, वरच्या पट्टीला दोन्ही कान जवळजवळ गेलेले. पाहून जंगू हसला. भागीरथाला म्हणाला, "पाह्य, आता खरं हाय." ऐकायचं यंत्र कधी मिळेल ते ट्रस्टवर आहे, मॅडमनी नाव पहिलं लिहिलं.

मग मी बसलो. त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसलो होतो. पाठ मॅडमकडे, समोर गादी. हेडफोन, हातात बटण. आधी डावा कान, त्या म्हणाल्या.

ढोलकाच्या धूमसारखे जाड आवाज आले. दाबलं. पुन्हा आले, दाबलं. मग थांबले. मी ठेका मोजायचा नाही असं मनाशी घट्ट ठरवलं होतं, दातओठ खाऊन नुसती वाट पाहिली. गादीवरचा एक तेलाचा डाग बघत बसलो. मॅडम वहीत काही लिहीत असतील, किंवा यंत्राचं काही लावत असतील. बराच वेळ गेला. उगीच खोळंबा नको म्हणून मी मान वळवून म्हटलं, "मॅडम, करा सुरू पुढचं."

त्यांचं बोट यंत्राच्या कळीवर होतं, दाबलेलंच. बोट उचललं, पेन खाली ठेवलं, उठून माझ्या उजव्या बाजूला आल्या आणि हेडफोन थोडा सरकवला.

"डावा झाला, भाऊ."

मी बटण हातात घेऊन तसाच बसून राहिलो. दारात सुलोचना उभी होती, पदर तोंडाला लावून. तिला कधीपासून माहीत होतं ते मी विचारलं नाही. मग म्हटलं, "उजवा घ्या."